दुसऱ्या गियरचा दांडा

तीर्थस्वरूप दादांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला एव्हाना ताळ्यावर आले असतील असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे. डॉक्टरांना कसलीच खोट सापडत नाही, त्यामुळे ते माझ्याकडे जरा संशयाने पाहतात. जेवण वेळेवर होतं. (वहिनींना सांगा, भाजीत मीठ घालायचं आता आठवतं. कधी कधी दोनदा आठवतं.)

हिच्या गाडीला तुम्ही गिऱ्हाईक पाहिल्याचं पत्र मिळालं. तुमचे ऑफिसातले सहकारी आहेत म्हणजे सज्जनच असणार. ही गेल्यापासून गाडी खाली उभी आहे आणि मला चालवता येत नाही. तेव्हा दुसऱ्या गियरचं काम करून घ्यावं आणि गाडी त्यांना देऊन टाकावी, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुमचं म्हणणं नेहमीच बरोबर असतं. (ही म्हणायची, दादाचं ऐकलं की लगेच डोकं शांत होतं आणि पश्चात्ताप संध्याकाळी होतो.)

त्या दुसऱ्या गियरबद्दल तुम्हाला पूर्ण माहिती नसेल, म्हणून लिहितो. पाण्याच्या टाकीकडच्या चढावर हिने दुसरा गियर टाकला की दांडा आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये यायचा आणि गाडी नुसतीच ओरडायची. म्हणून चढ संपेपर्यंत तो दांडा दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं. चढ संपला की ही माझ्या हाताच्या पाठीवर दोन बोटं टेकवायची, मी सोडायचो, ही तिसरा टाकायची. ऑफिसला जाताना रोज हे चालायचं. आम्ही दोघंही फारसं बोलणारे नव्हतो, हे तुम्ही जाणताच. लग्नाच्या बोलणीत तुम्हीच विचारलं होतं की मुलाला ऐकू येतं ना.

तर मी मेस्त्रींना बोलावलं. ही गाडी पहिल्यापासून त्यांच्याकडेच जाते. बॅटरी पार बसली होती, म्हणून त्यांनी त्यांच्या जीपला दोर बांधला आणि मला म्हणाले, साहेब, बसा गाडीत. मी बसलो. जीप निघाली, गाडी निघाली, आणि सरळ न जाता हळूहळू गेटच्या खांबाकडे वळू लागली. मला वाटलं, मेस्त्री वळण घेतायत. खांबाला जाऊन टेकलो तेव्हा ते उतरले, काचेतून आत बघितलं, आधी रिकाम्या सीटकडे, मग माझ्याकडे.

"साहेब, गाडी कोण चालवतंय?"

मी म्हणालो, "मी गियर धरलाय."

दादा, मी सवयीने माझ्याच जागेवर बसलो होतो. गियर न्यूट्रलमध्ये होता आणि न्यूट्रलमधून तो निसटून जाणार कुठे, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मेस्त्रींनी वॉचमनला हाक मारून हिच्या जागेवर बसवलं. वॉचमनने बसल्या बसल्या सीट मागे सरकवली. तो उंच आहे, त्याचा इलाज नव्हता. पण ती सीट हिच्या मापाला लावलेली होती आणि नेमकी कुठे होती, ते मी कधी पाहून ठेवलं नव्हतं.

गॅरेजमध्ये गियरबॉक्स खाली उतरवला, तेल काढलं, ते डांबरासारखं काळं होतं. मेस्त्रींनी मला गाडीखालच्या खड्ड्यात बोलावून एक लोखंडी काटा दाखवला. दांडा हलवला की आत हा काटा गियर सरकवतो. तो एका बाजूने खाल्ल्यासारखा झिजला होता. मी विचारलं, हा असा कशाने होतो. मेस्त्री पाना पुसत राहिले. मग म्हणाले, दांडा दाबून धरल्याने. मुळात एक स्प्रिंग कमजोर होती, अर्ध्या दिवसाचं काम. काटा झिजला तो हाताच्या दाबाने.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला मदत समजत होतो, त्यानेच काटा खाल्ला होता.

मी म्हणालो, मग आधी सांगायचं नाही का. ते म्हणाले, दर सर्व्हिसिंगला बाईंना सांगायचो, साहेबांचा हात काढा, मी स्प्रिंग बदलून देतो. त्यावर त्या म्हणायच्या, "राहू दे हो. धरायला काही नसलं की हे झोपतात, आणि झोपले की घोरतात."

मी गाडीत कधी घोरलो, हे मला माहीत नाही. आता विचारायची सोय नाही. मी बराच वेळ खड्ड्यातच उभा राहिलो. मेस्त्रींनी चहा खालीच आणून दिला.

काम झाल्यावर ते मला चढावर घेऊन गेले. त्यांनी दुसरा टाकला आणि माझा हात त्याच्या त्याच्या मनाने उठून दांड्यावर गेला. दांड्यावर मेस्त्रींचा हात होता. आम्ही दोघंही समोर बघत राहिलो. चढ संपला तरी मी काही सोडेना, कारण दोन बोटं काही टेकेनात. शेवटी ते खाकरले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तिसरा टाकायचाय."

दांडा जागचा हलला नव्हता. काम चोख झालं आहे. तुमच्या सहकाऱ्यांनी खुशाल येऊन गाडी घेऊन जावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्ही जिने जपून चढा.

तुमचा,
धाकट्या बहिणीचे यजमान

ता. क. सहकाऱ्यांना इतक्यात पाठवू नका. वाटल्यास त्यांना सांगा, दुसरा गियर अजून निसटतो. तुम्हाला खोटं बोलायला लावतोय, याचं वाईट वाटतं.

आणखी एक. मी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं आहे. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, क्लच बरा जमतो, पण काका, दांड्यावरचा हात काढा, गाडी स्टिअरिंगने वळते.

शेवटचं. लायसन्स आलं की बाजूला बसायला माणूस हवा आहे. तुम्ही याल का? बाजूची सीट मी आधीच मागे सरकवून ठेवली आहे, तुमचा गुडघा नीट मावेल. आता धरायला काही नाही. तरी हात ठेवावासा वाटला तर ठेवा, काटा झिजला तर झिजला. फक्त झोपू नका.