सरळ गेलं तर अर्धा तास

तैपेई, २० मार्च १९८८

ती. बाओछिनताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला भेटायला चीनला यायची सरकारी परवानगी एकदाची मिळाली. आमच्या शेजारी वायुदलातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून सांगितलं, तैपेई ते फूचौ सरळ अडीचशे किलोमीटर, विमानाला अर्धा तास. पण दोन्ही सरकारांच्या वैरात सरळ विमान आहे कुठे? आधी खाली हाँगकाँगला जायचं, तिथे विमान बदलून पुन्हा वर यायचं. सकाळी निघालो तरी तुमच्याकडे दिवेलागणच होणार. आपली पत्रंही हाँगकाँगच्या पेईवनमावशीच्या हातून त्याच वाटेनं दहा दिवस घेतात.

१६ एप्रिलचं तिकीट काढलंय. पण बायकोनं, सूहुआनं, पंचांग उघडलं. तो दिवस प्रवासाला वर्ज्य, २८ उत्तम. ती म्हणते, चाळीस वर्षांनी जाताय तर धड दिवशी जा. मलाही धाकधूक आहेच. ताई, आईची तब्येत खरीखुरी कळव. बरी असेल तर २८ला येतो, नाहीतर पंचांग गेलं खड्ड्यात.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो.
तुझा,
लीगुआंग

फूचौ, ३१ मार्च

चि. लीगुआंग यास,
अ. उ. आ.

पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. आई खणखणीत आहे. दोन वाडगे भात जेवते आणि वर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. तेव्हा जिवाला घोर लावून घेऊ नकोस, २८लाच ये. आल्याआल्या बदकाची दोन अंडी घातलेल्या शेवया खाव्या लागतील. दूरदेशाहून परतलेल्याला आपल्याकडे त्यातून सुटका नाही.

पत्रासोबतच्या फोटोत तुझं टक्कल चमकतंय. आईला सांगितलं, तो दिव्याचा उजेड आहे.

आहेस तसाच आमचा राहा.
तुझी ताई

तैपेई, ११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या पत्रानं जीव भांड्यात पडला. १६चं तिकीट लगेच बदलून घेतलं. सूहुआ आईसाठी स्वेटर विणतेय, एक बाही राहिली होती. आता घाई नाही म्हणून खूश आहे. काल रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

माया आहेच, ती वाढव.
तुझा,
लीगुआंग

फूचौ, २१ एप्रिल

चि. लीगुआंग यास,

हे पत्र तैपेईला पाठवत नाही. तिथे वेळेत पोचणार नाही. हाँगकाँगला विमान बदलशील तेव्हा मावशी तुझ्या हातात देईल. खाली बसून वाच.

आई १८ तारखेला सकाळी गेली.

मी खोटं लिहिलं. फेब्रुवारीपासून तिला पेजेच्या पाण्यापलीकडे काही उतरत नव्हतं. दोन तारखा ऐकल्या आणि तिनं मला शपथ घातली. म्हणाली, माझ्यापायी तो वाईट दिवशी विमानात बसला आणि काही झालं, तर मी मेल्यावरही तळमळेन. त्याला लिही, मी भात खाते. मी लिहिलं. तिला वाटलं ती २८पर्यंत तग धरेल. मला दिसत होतं की नाही धरणार.

रीतीप्रमाणे तिला माजघरात दाराकडे तोंड करून निजवलं होतं. तुझ्या पत्रातला अर्धा तासच तिच्या डोक्यात राहिला. सारखी विचारायची, झाला का अर्धा तास? मी म्हणायची, होतोय. तू १६ला निघाला असतास तर तिला तू एक पूर्ण दिवस मिळाला असतास. हे माझ्या हातून झालं, आणि मला ते जन्मभर सलणार आहे.

तुझ्यासाठी अंत्यविधी थांबवलाय. शेवटच्या घटकेला नसलेल्या मुलानं गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत गुडघ्यांवर यायचं, हे तुला ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांनी कालच बजावलं. मी त्यांना सांगितलं, उशीर त्यानं नाही, मी केला. ते ऐकेनात.

मी गल्लीच्या तोंडाशी उभी असेन. तू खाली बसलास की मीही तुझ्या शेजारी बसेन. गुडघ्यांवर दोघं मिळून जाऊ.

रागावलास तरी ये.
तुझी ताई