उंदरांचं हृदय आणि बाबांचं

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अंधारात झोपल्याने तुमचं हृदय वाचेल का, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगू? मला उत्तर देता येत नाही. अंधार पडला की मेंदूत मेलॅटोनिन नावाचं झोपेचं संप्रेरक तयार होतं. प्रयोगशाळेत आम्ही उंदराच्या हृदयाचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखतो, मग सोडतो. रक्त परत येतानाही हृदयाला इजा होते. मेलॅटोनिन दिलेल्या उंदरांत ती कमी दिसते. माणसांबद्दल अजून खात्री नाही. म्हणून झटक्यानंतर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका. आईला नमस्कार.

मायेचं माप कमी होऊ देऊ नये,
तुमची पदवीधर

१४ मार्च

चि. पदवीधरबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. ‘मेलॅटोनिन’ म्हणताना जीभ अडखळली, पण छाती फुगली. अंधारात ते तयार होतं, एवढं वाचलं आणि मुद्दा कळला. पुढचं वाचलं नाही. दुकानाच्या काचांना कोटाच्या अस्तराचं काळं कापड ठोकलंय. आता दिवसभर औषध तयार होतंय! आई म्हणते, पोरीने उंदरांचं लिहिलंय, तुम्ही बिळात कशाला शिरलात? वकीलसाहेबांच्या पँटचा एक पाय आखूड झाला. म्हटलं, शास्त्रासाठी एवढं सोसा. गोळ्या बंद केल्यात. घराण्यात पहिल्यांदा कुणी शिकलं, आणि मी परक्या डॉक्टरचं ऐकू?

तुझा अभिमानी,
बाबा

१९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. मेंदूचं घड्याळ अस्तराला फसत नाही. भरदिवसा काचा झाकून काही तयार होत नाही, बिघडतात त्या फक्त पँटी. माझं अर्धं पत्र वाचून तुमच्या जिवाचं बरंवाईट झालं, तर ती पदवी मी काय चुलीत घालू? डॉक्टर म्हणाले, गोळ्या ताबडतोब सुरू करा.

तुम्ही ‘हो हो’ म्हणून गोळी खिशात टाकाल, हे ठाऊक आहे. म्हणून समोरच्या शिंपीकाकांना सांगितलं. कॉलरच्या कापणीवरून ज्यांच्याशी तुम्ही अबोला धरलाय, तेच. रोज सकाळी तुमच्या दुकानात यायचं आणि गोळी गिळेपर्यंत कॉलर या विषयावर बोलत राहायचं. काल ते आले, ते माझ्याच सांगण्यावरून. आई म्हणाली, गोळी गिळायला तुम्ही पाण्याचीही वाट पाहिली नाहीत.

रागवा, पण लोभ उसवू नका,
तुमचीच