वाकलेला तुकडा आणि गॅरेजमधला तुकडा

मी, नोएलीन रॅटरे, वय एकोणऐंशी, राहणार ब्रुकलिन, वेलिंग्टन, माझ्यामागे काय कोणाचं व्हावं ते राजीखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो त्यांनी कसा दिला, हे मला पडलेलं कोडं आहे.

१. राहतं घर माझी मुलगी शोना हिला. माझे दिवंगत पती डगल यांनी ते पोलादी सांगाड्यावर उभं केलं. स्वयंपाकघरात दोन तिरके दांडे वर जातात, पण तुळईखाली एकमेकांना भेटत नाहीत. मध्ये तुळईचा हातभर तुकडा राहतो. मोठ्या भूकंपात तो वाकला. भिंतींना तडे, बशांचा चुरा, आणि हा माणूस वाकड्या लोखंडाकडे बघून खूश! "त्याने वाकायचंच होतं, नोएलीन. म्हणून बाकीचं घर वाचलं." मला वाटलं, धक्क्याने याचं डोकं फिरलं.

२. त्यांनी नवा तुकडा करवून आणला, पण बसवण्याआधीच ते गेले. गॅरेजमधला तो तुकडा माझा मुलगा कॅलम याला. अंत्यविधीनंतरच्या चहालाच शोना आणि त्याची जुंपली.

"वाकला म्हणजे बाबांचं गणित चुकलं," शोना म्हणाली.

"अगं शहाणे, तो वाकला नसता तर घर तुझ्या डोक्यात आलं असतं!"

तेव्हापासून अबोला. शोना बोलते तेव्हा मला तिचं पटतं, कॅलम बोलतो तेव्हा त्याचं.

३. शेजारी बॅरी किटो यांना आमची शिडी. ती कित्येक वर्षं त्यांच्याकडेच आहे.

४. वकील सिना फालेआफा म्हणाल्या, "नोएलीनबाई, घर एकीला नि त्याचा तुकडा दुसऱ्याला? भांडतील ना दोघं!"

"भांडतील तर बोलतील तरी," मी म्हटलं.

वाकलेल्या तुकड्यावर पुढच्या धक्क्याला भरवसा नाही, एवढं दोघांनाही मान्य आहे. नवा चढवायला एकाने धरायचं, दुसऱ्याने बोल्ट कसायचे. तो दोघांनी मिळून बसवल्याशिवाय घर विकू नये. दोघांपैकी कोणाच्या जागी बॅरी चालणार नाही.

५. वरील सर्व माझ्या मृत्यूनंतर अमलात यावं. पण मुलांनो, तोवर थांबलंच पाहिजे, असं मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. मी रोज त्या तुकड्याखाली उभी राहून चहा करते, आणि मला भीती वाटते. या ना दोघं.

सही: नोएलीन रॅटरे

आमच्यादेखत सही झाली:
मेरेआना पारातेने, समोरच्या घरातल्या
ग्रॅहम टोझर, टपालवाले

वेलिंग्टन, १९ जून २०१९