हातभर अंतरावरचा मका

बाबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. आज पहिल्यांदा लिहितोय, तेही पेरणी तोंडावर आली असताना, बियाणं निवडायचं सोडून. एका जागी बसवत नाही. दोनदा उठून खळ्यापर्यंत जाऊन आलो. सापगावहून सासऱ्यांचा निरोप आलाय: यंदा त्यांनाही मका करायचाय, जावईबापूंनी येऊन ओळी आखून द्याव्यात. जायच्या आधी बायकोला खरं काय ते सांगायचं ठरवलंय. पण आधी तुम्हाला सांगून बघतो.

मी शेतकी कॉलेज अर्ध्यावर टाकलं ते तिच्यासाठी, हे तुम्ही न सांगता ओळखलं होतंत. तिचं मुरबाडकडे कुठंतरी जुळतंय असं कानावर आलं आणि मी परीक्षा सोडून खर्डी स्टेशनला उतरलो. पेटीत पुस्तकं दोन, बाकी कॉलेजच्या शेतातलं मक्याचं बी. तसाच तिच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "कॉलेज नाय, नोकरी नाय. पोरीला काय वाचून दाखवून जेवू घालशील? एक पीक तरी उभं करून दाखव रे." मी ताडकन बोलून गेलो, "दिवाळीआधी कणसं आणून ओततो तुमच्या ओटीवर!"

आपला घरचा मका ठेंगणा, लवकर येणारा. त्याची कणसं चुलीवर धुरात टांगलेली असायची. वीतवीतभर अंतरावर लावला तरी भागायचं. मी आणलेला वाण डोक्याच्या वर जाणारा, उशिरा पिकणारा. त्याला जागा किती लागते ते शिकवायच्या आधीच मी वर्ग सोडून आलो होतो. पण कबूल कोण करतो? तोही वीतभरावरच लावला. रोपं जास्त तेवढी कणसं जास्त, एवढीच माझी अक्कल. तुम्ही बांधावरून म्हणालात, "वाण बदललास तर जागा पण बदल. ही काय जत्रेला आलीत, खांद्याला खांदा लावून?" मी म्हणालो, "तुमी तुमचं भात बघा. ह्यातलं तुमाला कळायचं नाय."

रोपं गुडघ्याला लागली तेव्हा एक दिवस मी सापगावला गेलो होतो, ती पाणवठ्यावर दिसेल म्हणून. परत येतो तर तुम्ही वाकून एक ओळ ठेवताय, एक उपटताय, आणि बैल उपटलेली रोपं चघळतायत. अर्धा तुकडा झाला होता. मी तुमचा हात धरला. बापाचा हात. "माझं लग्न उपटताय तुमी!" म्हणून ओरडलो. तुम्ही हात सोडवून घेतला नाहीत. मीच सोडला, तेव्हा माती झाडलीत आणि म्हणालात, "बरं. अर्धा तुझा, तसाच ऱ्हाऊ दे."

त्यानंतर मी तुमच्याशी बोललो नाही. जेवताना तुम्ही आईला सांगितल्यासारखं मलाच सांगायचात, मका अजून भरायचाय, पाणी साचू देऊ नको. मी ताट उचलून उठायचो. भाद्रपदात तुम्हाला ताप भरला आणि पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. तेव्हा मक्याला नुकते तुरे येत होते.

माझ्या अर्ध्यातली मक्याची ताटं बोटाएवढी बारीक. निम्मी वाऱ्याने आडवी झाली, उरलेल्यांची कणसं सोलली तर कुठे चार दाणे, कुठे तेही नाहीत. तुमच्या अर्ध्यातलं एकेक कणीस मुठीत मावत नव्हतं. मी टोपली भरली, सापगावला जाऊन ओटीवर ओतली. तिच्या वडिलांनी दाण्यावर नख रोवून पाहिलं.

"अंतर किती ठेवलंस?"

"हातभर."

"कोणी सांगितलं रे?"

दाराआड तिची बांगडी वाजली. मी म्हणालो, "कॉलेजात शिकलो."

त्या कणसांवर माझं लग्न झालं, बाबा. ती अजून शेजारणींना सांगते, "आमच्या ह्यांनी डोकं चालवलं गो, नायतर मी मुरबाडला गेली असती." ते ऐकलं की मी उठून बाहेर जातो. दरवर्षी हातभरावरच लावतो, दरवर्षी मका भरतो, आणि दरवर्षी कोणीतरी माझं कौतुक करतं.

आत्ता ती दारात येऊन गेली. "कोणाला लिवताय एवढं?"

मी पानावर हात ठेवला. "तुझ्या बाबांना," म्हटलं. "मक्याच्या ओळींचं कळवतोय."