भरून आणलेली बाटली

कळस, ता. इंदापूर

ती. आईस नमस्कार,

माझी तब्येत ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

दुधाचा प्रयोग छान झाला असं फोनवर सांगितलं, ते अर्धंच खरं. एरवी पुस्तकापुढे पेंगणारी मुलं, घरून आणलेल्या दुधात पाणी आहे का ते तपासायची नळी सोडली तेव्हा जागेवर बसेनात. मग स्वरूपाच्या बाटलीत नळी खोल बुडाली आणि सगळे ओरडले, "पाणी हाय, पाणी हाय!" मीही हसले.

"बाई, तुमीच बाटली भरून आणा म्हणला व्हता," ती रडत म्हणाली. "आईनं निम्मीच दिली, बाकीचं दूध डेअरीला जातं. मग मी नळावर भरली."

दुसऱ्या दिवशी तिची आई कुशाबाई तांब्याभर दूध घेऊन वर्गातच आली. "मोजा, बाई. आमच्या दुधाला गावात नावं ठेवत्यात."

मोजलं. दूध चोख होतं. मुलांना मी तेवढंच सांगितलं; चूक माझी होती, हे तोंडातून निघालंच नाही. तांब्या तिथंच ठेवून कुशाबाई निघून गेली.

शेजारच्या काकूंना तू माझ्या प्रयोगाचं कौतुक सांगितलं असशीलच. आता हेही सांग.

तुझी,
श्रिया