उथळ बाजूची कोळीण

१४ सप्टेंबर, रविवार

वाट लागली! मी हो म्हणून बसले.

येऊरच्या जंगलातून पळून आलो. सगळे घोट्यापर्यंत चिखलात, हातात टपरीवरचा चहा. नितेशने विषय काढला. नितेश म्हणजे आमच्या पळण्याच्या ग्रुपचा म्होरक्या. कुठे कधी पळायचं ते तोच ठरवतो, बाकीचे फक्त कुरकुरतात. तर फेब्रुवारीत गोराईला ट्रायथलॉन आहे. आधी समुद्रात पोहायचं, बाहेर येऊन सायकल, मग पळायचं. मध्ये थांबायचं नाही. सायकल आणि पळणं सगळ्यांनाच झेपतं. पोहणं म्हटल्यावर मात्र सगळे आपापल्या चहात बघायला लागले. आणि मग माझ्याकडे!

"सुलक्षणाला काय टेन्शन यार! माहुलची आहे ती. कोळ्याची पोर!"

"ही पाण्यातच जन्मली असेल रे!"

मी हसले. तिथेच मेले. "पोहणं काय, ते होईल ना," असं माझ्याच तोंडून गेलं. नितेशने लगेच माझं नाव टाकलं.

मला पोहता येत नाही. अजिबात नाही. कमरेच्या वर पाणी आलं की छातीत धडधडतं. लोकांना वाटतं कोळी म्हणजे मासाच. अरे, आमची खाडी म्हणजे मांडीपर्यंत चिखल! मुलगे भरतीच्या पाण्यात उड्या मारायचे. मुलींना आई काठाजवळही फिरकू द्यायची नाही. मी मासळी निवडली, विकली, सुकवली, होडीतही बसले. पण पाण्यात पडायचं कशाला? तसं झालं तर काहीतरी चुकलंय असाच त्याचा अर्थ.

१५ सप्टेंबर

निलेशने ऑफिसात सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलं. "माझी बायको समुद्र पोहणार!" नवरा आहे, अभिमान वाटतो बिचाऱ्याला. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि यालाही माहीत नाही! देवगडला त्यांच्या गावी गेलो की सगळे समुद्रात उतरतात आणि मी वाळूत. कधी पाणी गार असतं, कधी नुकतेच केस धुतलेले असतात. इतकी वर्षं खपून गेलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी ग्रुपबरोबर नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत पळाले. चढावर एकदाही चालले नाही, झकास! मग दुपारी माहुलला.

बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. होडी विकून तीन वर्षं झाली, पण हात स्वस्थ बसत नाहीत. दुसऱ्यांची जाळी आणून सांधतात. मी सरळ विचारलं, "बाबा, मला पोहायला शिकवा ना. मुलुंडला पोहण्याचा तलाव आहे, तिथे जाऊ." चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. याच्याहून चांगला मास्तर कुठे मिळणार मला?

बाबांनी मान वर केली नाही. "गुडगा दुखतंय."

"पाण्यात गुडघ्यावर भार नसतो बाबा."

"मना जमाचा नाय."

"का पण?"

"सांगितला ना एकदा!" असे ओरडले की शेजारची म्हातारी डोकावली. आई आतून आली, मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि पुढ्यात ताट ठेवलं. बोंबलाचं कालवण.

मुलगा असते तर शिकवलं असतं. नक्की. राग आलाय मला. फार राग आलाय.

२४ सप्टेंबर

तलावावर नाव घातलं. बायकांची बॅच, सकाळी सातची. मी कामाला आहे ते चष्म्याचं दुकान अकराला उघडतं, त्यामुळे आंघोळ करून घाटकोपरला वेळेवर पोचता येतं. शिकवायला संघमित्रा. वय असेल पंचवीस-सव्वीस, गळ्यात शिट्टी, आवाज असा की पाणीसुद्धा ऐकेल.

"ताई, याआधी कधी पोहलाय?"

"नाही."

"राहायला कुठे?"

"भांडुप." खोटं नाही ते. माहुलचं नाव मात्र काढलं नाही.

उथळ बाजूचा दांडा धरून पाय मारायचे. शेजारी सुंदराबाई. वय बासष्ट, डॉक्टरांनी पाठवलंय. पहिल्याच दिवशी त्या पाठीवर तरंगायला लागल्या! आणि दर्याची पोर दांडा सोडायला तयार नाही.

१ ऑक्टोबर

नाकात पाणी. कानात पाणी. डोक्यातही असेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

निलेशला सांगून टाकलं. बाथरूममध्ये वाळत घातलेला स्विमिंगचा ड्रेस बघून त्याने विचारलं, "सराव कसा चाललाय?" मी म्हटलं, कालपर्यंत बुडत होते, आजपासून थोडी कमी बुडते.

आधी त्याला कळेचना. मग असा हसला की पलंगावर आडवा झाला. चिडला की किंवा फार खूश झाला की हा मालवणीवर येतो. "गो, नऊ वर्षां माका फसवलंस? ते धुतलेले केस?"

"रोज धुवायचे मी."

"आणि मी आवशीक सांगलंय, सून पट्टीची पोहणारी म्हणून!"

पण झोपताना म्हणाला, पुढच्या रविवारी येतो मी तुझ्याबरोबर, गॅलरीत बसतो. मी म्हटलं, खबरदार! तरी बरं वाटलं. एका माणसाला कळलं म्हणजे निम्मं ओझं उतरलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नुसता आनंदाचा. मुलुंडच्या डोंगरात पहाटे शिरलो. गवत पिवळं व्हायला लागलंय, पायवाट कोरडी, हवेत जरासा गारवा. नितेश पुढे, मी त्याच्या मागे. शेवटच्या उतारावर त्याला गाठलं आणि मागे टाकलं! तो मागून ओरडतोय, "अगं हाडं मोड, मग कळेल!" दगडावरून दगडावर पाय आपोआप पडतात माझे, डोकं चालवावं लागत नाही. पाण्यात असं कधी होणार? एकदा तरी व्हावं.

४ नोव्हेंबर

नितेशची जीभ काळी आहे. हाड शाबूत, पण माझा पाय मुरगळला. डोंगरात नाही, जंगलात नाही, दुकानाच्या पायरीवर! तीन आठवडे पळणं बंद. सायकलही नाही. डॉक्टर म्हणाले, "पोहायला हरकत नाही." म्हटलं, वा, बरी सोय केलीत!

२३ नोव्हेंबर

पळायला मिळत नाही म्हणून रोज तलाव. दुसरं काही नाहीच. आणि काय सांगू! आज दांडा सुटला, तरंगायला धरायची फळीही सुटली. श्वास घ्यायला मान वळवली आणि पाणी तोंडात न जाता श्वासच आत गेला. समोरची भिंत हाताला लागली तेव्हा कळलं की मी इथवर आले. सुंदराबाईंनी टाळ्या वाजवल्या. संघमित्रा म्हणाली, "बघा ताई, पाण्याशी भांडणं बंद केलंत की झालं."

आईला फोन केला. "बरं झालं हो बाय," म्हणाली. मग हळूच, "लय खोल नको जाऊ." बाबांना फोन दे म्हटलं तर ते बाहेर गेले होते. पाठीमागे त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

९ डिसेंबर

खोल बाजूला गेले! खाली बघितलं तर फरशा लांब, निळ्या. धडधडलं. पण परत आले, स्वतःच्या हातापायांनी. पळणं पुन्हा सुरू केलंय. सकाळी पाणी, संध्याकाळी पाय, मधल्या दिवशी हायवेवर सायकल. रात्री जेवताना झोप येते. निलेश म्हणतो, तू बायको कमी आणि धुणं जास्त, सारखं काहीतरी ओलंच!

११ जानेवारी, रविवार

गोराईला सरावाला गेलो. तलाव वेगळा आणि समुद्र वेगळा. पहिली लाट तोंडावर आली, पायाखाली काही लागेना, आणि मी पाठ फिरवून धावत बाहेर! सगळ्यांसमोर!

नितेश बघतच राहिला. "काय गं, कोळीण ना तू?"

मग सांगितलं सगळं. वाळूत बसून, दात वाजत असताना. सप्टेंबरपर्यंत मला तरंगताही येत नव्हतं, हेही. वाटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. नितेश म्हणाला, "वेडी आहेस. चार महिन्यांत शिकलीस आणि लाज कसली वाटते तुला?" मग माझ्याबरोबर परत पाण्यात आला. मी दमले की त्याच्या शेजारी पाठीवर पडून राहायची. चौथ्या वेळी लाट माझ्याखालून गेली, वरून नाही. ते सुख काही वेगळंच होतं!

७ फेब्रुवारी

उद्या. बॅग दोनदा भरली, दोनदा उपसली. निलेश माहुलला जाऊन आई-बाबांना पहाटे घेऊन येणार. बाबा आधी नको म्हणत होते. आई म्हणाली, मी तर जाणार. मग तयार झाले.

आज सारखी लहानपणची आई आठवतेय. होडी यायची वेळ झाली की ती बंदरावर. बाकीच्या बायका टोपल्यांशेजारी बसून गप्पा मारायच्या, पान खायच्या. आमची आई उभीच. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत उभी, उन्हात, पावसात. आम्ही पोरं चिडवायचो, बाबांशिवाय करमत नाही हिला! ती हसायची पण नाही.

८ फेब्रुवारी, रविवार, रात्री

झालं! पूर्ण झालं! तिन्ही!

मान आखडलीय तरी लिहिते. भोंगा वाजला, सगळे पाण्यात घुसले, लाथा, कोपरं, फेस. वळायच्या तरंगत्या फुग्यापाशी पोचले तेव्हा दम संपला. खरंच संपला. एक क्षण वाटलं, आता नाही. मग पाठीवर झाले, आभाळ बघितलं, संघमित्राची शिट्टी आठवली, दहा श्वास घेतले आणि वळले. पाण्यातून बाहेर येणाऱ्यांत माझ्या मागे फार थोडे असतील. असू देत!

आई पाण्यात उभी होती. गुडघ्यापर्यंत! लुगडं ओलं, पदर खोचलेला. मी बाहेर आले तेव्हा तिने माझा हात असा धरला की सायकलकडे जायला सोडवून घ्यावा लागला. निलेश म्हणाला, तू पाण्यात गेल्यापासून तिथेच होती, खुर्ची दिली तर बसली नाही.

आणि बाबा? बाबा लांब सुरूच्या झाडांपाशी. समुद्राकडे पाठ करून.

मी पोहत असताना एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी. निलेशनेच सांगितलं.

त्या रागातच सायकल हाणली. पळताना तर काय, कितीतरी जणांना मागे टाकलं. पळणं माझं आहे. शेवटच्या कमानीतून आले, नितेश आधीच पोचला होता, नाचत होता. गळ्यात पदक. निलेशला भर गर्दीत मिठी मारली. फार फार आनंद झाला, तो लिहिता येत नाही.

बाबा आले. माझ्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. "झाला?" एवढंच.

एवढंच!

९ फेब्रुवारी

पाय उचलत नाहीत. जिना उलटा उतरले. दुकानात सगळ्यांना पदक दाखवलं. बाबांचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. दिवसभर तेवढाच केला.

१२ फेब्रुवारी

आईचा फोन. बाबा नीट जेवत नाहीत. तुझा तो तलाव किती वाजता उघडतो, तिथे म्हाताऱ्यांना घेतात का, असं विचारत होते म्हणे. कोणासाठी ते काही सांगत नाहीत. कशाला हवंय त्यांना? तरी आईला सांगितलं, माझ्या बॅचनंतर ज्येष्ठांची असते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बॅच संपवून बाहेर आले तर दारात बाबा. हातात पिशवी, तिच्यात नवी चड्डी, टोपी. मागे आई. चेंबूरचा तलाव तुम्हाला जवळ होता ना, मी म्हटलं. "तिथं गावातला कोनतरी भेटेल," बाबा म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "मना पन नाय येत गो. कवाच नाय आला. कोळ्याला येत नाय, ह्या कोनाला सांगू? आन त्या दिशी तुला पान्यान बगवत नव्हता."

चाळीस वर्षं! वादळात, अंधारात, चाळीस वर्षं दर्यावर! मी आईकडे बघितलं. "मना ठाव होता," ती म्हणाली. बंदरावर ती उभी का असायची ते मला आज कळलं.

मी दुकानात सुट्टी टाकली. संघमित्राने शिट्टी वाजवली. बाबांनी उथळ बाजूचा दांडा घट्ट धरला, मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. आई काठावरच्या बाकावर जाऊन बसली.