दाराला लावलेला पुदिना

धाकट्या जाऊबाई,

दार छान सजवलंयस, येणारे-जाणारे थांबून बघतायत. पण पानगळीच्या पिवळ्या पानांत तू ज्या जुड्या खोवल्यास, त्या शोभेच्या नव्हत्या. कुंड्यांतला पुदिना आणि मेथी मी उन्हाळाभर स्वयंपाकघरात टांगून वाळवली होती. मामंजींना मीठ बंद झाल्यापासून त्यांच्या घशाखाली घास उतरतो तो त्या पाल्यामुळेच. आणि तू चकाकी यावी म्हणून त्याला वॉर्निश फासलंस! एका शब्दाने विचारलं असतंस तर जीभ झिजली नसती.

मी आठ दिवस माहेरी चाललेय. सूप गॅसवर आहे, बिनमिठाचं. मामंजींनी पहिलाच घोट थुंकला की त्यांना हात धरून दाराशी ने, आणि चव कुठे गेली ते तूच दाखव.

— थोरली